कॉल साइन सांगा

आखाडा बाळापूरचा भागवत मेकॅनिक म्हणजे शिस्तीचा पुतळा, बाबा! रेडिओ-टीव्ही दुरुस्तीत हयात गेली. परीक्षा देऊन हौशी रेडिओचं सरकारी लायसन काढलं, पोरीलाही काढून दिलं. मोजपट्टीच्या पात्या पाइपला ठोकून अँटेना बनवला. त्याची बायको रुख्मिणीबाई त्या अँटेनाला माशाचा काटा म्हणायची. तो काटा आभाळाकडं धरायचा. चपलांच्या खोक्याएवढा एक उपग्रह वरून जायचा आणि त्याच्यामार्फत दहा मिनिटं मुलुखभरची माणसं बोलायची. एका वेळी एकच. म्हणून भागवतचा कायदा: आधी आपली कॉल साइन, म्हणजे लायसनवरचं नाव, सांगायची, मग आवाज कसा येतो तेवढं बोलून बाजूला व्हायचं.

पोरगी मंजुषा. तिनं बंगळुरात आपल्या मनानं लग्न केलं आणि ह्या गड्यानं तीन वर्षं तिचा फोन कानाला लावला नाही. सुंभ जळेल, पण पीळ जळायचा नाही! उपग्रहावर मात्र कुणी हाक मारली तर ओ द्यावीच लागते. तिथं बापलेक परक्यासारखे बोलायचे. "तुमचा आवाज बराबर. धन्यवाद." तेवढ्यावर मेला दिवसभर खुशीत असायचा, आणि कबूल मात्र करायचा नाही.

त्या मंगळवारी सकाळी उपग्रह मावळायला मिनिटभर उरलं होतं. कानात आवाज आला, "बाबा, मी बोलून राहिले. ऐका ना..."

तिनं हवेवर कधी बाबा म्हटलं नव्हतं. विचारावं वाटलं, काय झालं गं बाई? पण दहा जण ऐकत होते. बटण दाबून तो म्हणाला, "स्टेशन, आधी कॉल साइन सांगा."

मग तिनं एकेक अक्षर नीट सांगितलं आणि म्हणाली, "तुमचा आवाज बराबर. धन्यवाद." उपग्रह गेला.

बुधवारी दुपारी जावयाचा, हरीशचा, फोन आला. रुख्मिणीबाईनं घेतला. मंजुषाच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. आईला घोर नको म्हणून तिनं लपवलं होतं. ती टेबलावरच गेली. आदल्या दिवशी हट्टानं रेडिओ घेऊन दवाखान्याच्या गच्चीवर चढली होती, बाबाला सांगायचंय म्हणून.

रुख्मिणीबाईनं हंबरडा फोडला. मग नवऱ्याचा सदरा दोन्ही मुठींत धरून ती विचारायला लागली, "तुमच्यासंग बोलली न्हवं माही लेक? काय म्हणली वो? सांगा की!"

"म्या तिला नाव इचारलं," भागवत म्हणाला.