ताईला धाकटीचंच औषध हवं

धाकटीला प्रयोगशाळेत सगळे कार्बीनबाई म्हणत, आणि त्यात काही खोटं नव्हतं. बाई उठता बसता तेच बोलायची. कार्बीन म्हणजे कार्बनचा मोठा उतावळा प्रकार. धातू दिसला की गच्च धरतो. शेजारी दोन नायट्रोजन बसवून त्याला जरा ताळ्यावर आणायचं आणि मग त्याच्या हाती किरणोत्सारी टेक्नेशियमचा अणू द्यायचा. तो घेऊन त्यानं रक्तातून सुखरूप हृदयापर्यंत जायचं, म्हणजे कॅमेऱ्यात डॉक्टरांना दिसतं, रक्त कुठे पोचतंय आणि कुठे नाही. ही पकड घडवण्यात धाकटीची उमेदीची वर्षं गेली होती.

आता, या कामाचं औषध दवाखान्यात आधीपासून आहेच, आणि छान चाललंय. पण धाकटीसमोर त्याचं नाव काढायची सोय नव्हती. "कसलं डोंबलाचं औषध! पाठवलं हृदयाकडे, आणि बसलंय यकृतात गप्पा हाणत. शेजारी एवढा उजेड पडल्यावर हृदय दिसणार कसं?" ताईकडे जेवायला गेली की हेच. भाऊजी खाली मान घालून जेवत. ताई मात्र शब्दन् शब्द ऐकत होती, आणि धाकटीला त्याचा पत्ताच नव्हता.

मग जिना चढताना ताईच्या छातीत दुखायला लागलं, आणि डॉक्टरांनी नेमकी तीच तपासणी सांगितली.

"मी नाही घेणार ते," ताई म्हणाली. "ते यकृतात बसतं."

"अगं ताई, ते मी आपलं बोलायचं म्हणून बोलले."

"म्हणजे खोटं बोललीस?"

"खोटं नाही गं, पण..."

"मग झालं तर! तुझं तयार झालं की सांग, तेच घेईन. इतकी वर्षं ऐकतेय, आणखी दोन महिने थांबते."

"आता तूच निस्तर," भाऊजी धाकटीला म्हणाले आणि झाडांना पाणी घालायला निघून गेले.

दोन महिने! धाकटीला हसावं की रडावं कळेना. गेल्याच आठवड्यात तिच्या औषधानं शेण खाल्लं होतं. बाटलीत शहाण्यासारखं वागणारं कार्बीन उंदराच्या रक्तात शिरलं आणि धातू सोडून मोकळं झालं. धातू जाऊन बसला उंदराच्या पोटात. घरी तिनं हे सांगितलंच नव्हतं. कुठल्या तोंडानं सांगणार?

पण ताईचं दुखणं काही तिच्यासाठी थांबणार नव्हतं. धाकटी ताईच्या पलंगाच्या कडेला बसली.

"ताई, माझं औषध फसलं. पार फसलं. आणि मी ज्याला नावं ठेवते ना, ते उत्तम आहे. माझा जळफळाट होतो, म्हणून बोलते. तुला काही झालं तर मी काय करू गं?" म्हणता म्हणता ती रडायलाच लागली.

"एवढं सांगायला इतके आढेवेढे?" ताईनं पदरानं तिचे डोळे पुसले. "वेडाबाई! ऊठ, मी साडी बदलते, डॉक्टरांकडून तारीख घेऊन येऊ."

तपासणीच्या दिवशी तंत्रज्ञानं धाकटीला काचेमागे उभं राहू दिलं. पडद्यावर ताईचं हृदय उजळलं. धाकटीनं जन्मभर उंदीर पाहिले आणि आलेख पाहिले. माणूस पहिल्यांदाच पाहत होती, आणि तोही लहानपणी तिच्या वेण्या घालणारा.

"च्च," तंत्रज्ञ म्हणाला. "यकृत फार चमकतंय, हृदयाची खालची कड कळत नाही. दूध प्यायला द्या, थोडं चालवा, म्हणजे यकृतातलं औषध खाली उतरेल. पुन्हा घेऊ."

ताई कुरकुरत व्हरांड्यात फेऱ्या मारून आली आणि पुन्हा झोपली. या वेळी कड स्पष्ट दिसली. तिथे रक्त कमी पोचत होतं. वेळेत आलात, डॉक्टर म्हणाले, आता उपाय करता येईल. धाकटी बाहेर येऊन बाकावर बसली.

ताई खांदे चोळत बाहेर आली. "दोनदा झोपवलं मला. हात डोक्यावर धरून धरून खांदे भरून आले. तुझं औषध असतं तर एकदाच भागलं असतं?"

"टिकलं असतं, तर एकदाच," धाकटी म्हणाली. "पण ते राहू दे. मी सुट्टी काढलीय, तुझ्याजवळ बसते."

"माझ्याजवळ बसायला हे आहेत," ताई म्हणाली. "तू उद्या कामावर जा."