पुष्पाबाईंच्या घराला गिऱ्हाईक का येत नव्हतं

सुधाकररावांनी पाटी बांधली ती नेमकी शेजारच्या घराला. त्यात त्यांचा दोष थोडा आणि रंगाच्या डब्याचा जास्त. सुरतेतल्या गोडादऱ्याच्या त्या सोसायटीत घरांची सगळी ओळ एका मापाची, आणि मागच्या दिवाळीला वर्गणी काढून सगळ्या फाटकांना एकाच डब्यातला हिरवा रंग फासलेला. त्यातून तिन्हीसांजेची वेळ, वीज गेलेली, आणि चष्मा बँकेच्या टेबलावर विसरलेला. त्या अंधुक उजेडात त्यांनी ‘मकान वेचवानुं छे – घर विकणे आहे’ ही स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी तारेनं चांगली पक्की आवळली आणि एक सत्कृत्य पार पडल्याच्या आनंदात ते जेवायला गेले.

सकाळी त्या शेजारच्या घरातली, भाईदासची बायको दूध घेऊन आली. स्वतःच्या फाटकावरची पाटी तिनं एकदा वाचली, दूध ओट्यावर ठेवलं, पिशवी भरली आणि कुणाला एक शब्द न विचारता बारडोलीला भावाकडे निघून गेली. बायकोला न सांगता घर विकायला काढणाऱ्या माणसाला विचारायचं तरी काय! भाईदास तेव्हा न्हाणीत होता. टॉवेल गुंडाळून तो बाहेर आला तेव्हा तीन अनोळखी माणसं त्याच्या ओट्याची लांबी पावलांनी मोजत होती.

संध्याकाळी तो बारडोलीहून बायकोला समजावून परत घेऊन आला आणि पाटी काखेत मारून सुधाकररावांच्या दारात उभा राहिला. भाईदास कापडाच्या कटपीसचा व्यापारी, फावल्या वेळात घरांचा दलाल, अस्सल सुरती. सुरती माणसाच्या तोंडात शिवी खडीसाखरेसारखी घोळत असते, त्यामुळे सुरुवातीची दोन-तीन वाक्यं इथं देण्यासारखी नाहीत. शेवटचं देतो.

“सुधाकरभाई, घर नक्की कोणाचं काढलंय ते सांगा. मीच विकून देतो. तुमच्यावर सोपवलं तर तुम्ही सगळी गल्ली विकाल, ने अमारी बैरी बधी बारडोली! सगळ्यांच्या बायका माहेरी!”

घर होतं पुष्पाबाईंचं. पुष्पाबाई आणि त्यांचे यजमान लोटूआप्पा हे शिरपूरकडचं जोडपं. आप्पांनी सगळी उमर मागांवर काढली. बिघडलेला माग पुन्हा चालता करणारा जॉबर म्हणून त्यांचं नाव होतं. मागांच्या खडखडाटानं त्यांचे कान गेले होते आणि आवाज मात्र तेवढाच राहिला होता. घरात त्यांनी मीठ मागितलं तर कोपऱ्यावरचा दुकानदार पुडी बांधायला घेई. पुष्पाबाईंनी लग्नानंतरची पहिली काही वर्षं चाळीतल्या एका खोलीत साड्यांना टिकल्या लावत काढली, मग टिकली टिकली साठवून हे घर झालं. खाली दोन खोल्या, वर पत्र्याची एक, आणि वर जायला लोखंडी शिडी.

पोटी एकच मुलगा, सागर. मुलगी नाही. अहिराणीत मुलीला आंडेर म्हणतात. “माले एक आंडेर पाहिजे व्हती,” हे वाक्य पुष्पाबाई इतक्या सहज म्हणत, की ऐकणाऱ्याला वाटावं चहात आलं राहिलं म्हणून सांगताहेत. ती राहिलेली आंडेर त्यांनी पुढं गल्लीभर वाटून टाकली. सुधाकररावांची वंदना अकोल्याहून नवी नवरी म्हणून आली, तेव्हा तिला पोळपाट कुठला घ्यावा इथपासून सगळं पुष्पाबाईंनी शिकवलं. प्लेगच्या दिवसांत निम्मी गल्ली गावाला पळाली, तेव्हा सगळ्यांच्या किल्ल्या पुष्पाबाईंच्या कमरेला होत्या. चालल्या की देवळातल्या घंटेसारखा आवाज येई. लोकांनी विचारलं, मावशी, तुम्ही का नाही जात? त्या म्हणाल्या, “मी गेले तर तुमच्या तुळशीले पाणी कोण घालंल?”

आणि त्यांच्या घरातून कुठलीही सवाशीण रिकाम्या पदरानं कधी गेली नाही. ज्या शहरात कापड किलोवर मिळतं तिथं ब्लाउजपीसला काय तोटा? आप्पा मार्केटमधून तुकडे आणत आणि पुष्पाबाई ते घड्या घालून पत्र्याच्या पेटीत ठेवत. पहिल्यांदा घरी आलेल्या बाईला पाटावर बसवायचं, हळदकुंकू लावायचं, आणि गहू, नारळ, ब्लाउजपीस घालून ओटी भरायची. जनगणनेला आलेल्या बाईचीसुद्धा त्यांनी ओटी भरली होती. ती बिचारी माणसं मोजायला आली होती, तिच्यामुळे या घरचंच एक माणूस वाढलं. पुढच्या दिवाळीला फराळाला हजर!

आता सागर नाशिकला नोकरीला लागून स्थिर झाला होता आणि सून स्नेहा दसऱ्याच्या सुमारास बाळंत व्हायची होती. तिला आई नव्हती. बाळंतपण पुष्पाबाईंनीच करायचं, हे ठरलेलं. फक्त आप्पा अडून बसले होते. “घर उघडं टाकीसन मी हालणार नाही!” असं त्यांनी सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल अशा खाजगी आवाजात बायकोला सांगितलं होतं. म्हणजे घर विकलं तर नाशिक. आणि भाद्रपदात पितृपक्ष लागला की सुरतेत घर बघायला कोणी फिरकत नाही. जे काय व्हायचं ते त्याआधी व्हायला हवं होतं.

पाटी योग्य फाटकावर गेली. भाईदासनं मनावर घेतलं. पहिल्या आठवड्यात बरीच गिऱ्हाइकं आली, नवरा-बायको जोडीनं आली, तासतासभर बसली, हसत बाहेर पडली. दुसऱ्या आठवड्यात तुरळक. तिसऱ्यापासून शुकशुकाट. सुधाकरराव बँकेतून येताजाता पाटीकडे बघत. ती पुसली, तिचा रंग गडद केला, तार बदलली. पुष्पाबाई रोज ओटा धुऊन रांगोळी काढत आणि रस्त्याकडे डोळे लावून टिकल्या लावत बसत. एके दिवशी त्यांनी सुधाकररावांना हाक मारली.

“का रे भाऊ, घरात काही खोट हाये का? तोंडावर सांग.”

“नाही हो मावशी. घर लाखात एक आहे.”

“मग लोक का येत नही? तिकडं ती पोर एकटी हाये. तिचे पाय सुजतात म्हणे.”

सुधाकररावांनी चपला पायात सरकवल्या. ते तडक चहाच्या हातगाडीवर गेले. तिथं उधन्याकडचे सगळे दलाल संध्याकाळी टेकतात. भाईदास बशीत चहा ओतत होता.

“भाईदास, खरं सांगा. गिऱ्हाईक का येत नाही?”

भाईदासनं आजूबाजूच्या दलालांकडे पाहिलं. सगळे चहात बघू लागले.

“जुओ सुधाकरभाई,” तो म्हणाला, “घर झकास आहे. भाव वाजबी आहे. पण माशी, म्हणजे तुमची मावशी, काय करते? बाईला पाटावर बसवते, खोळो भरते. नारळ, ब्लाउज. बाईच्या डोळ्यात पाणी! बाहेर आली की नवऱ्याला म्हणते, आ तो मारुं पियर थयुं. आता सांगा, माहेरात कोणी भाव करतं? आणि भाव न करता घर घेतलं तर सुरतमध्ये तो माणूस तोंड कुठं दाखवणार? त्याला रात्री झोप लागेल का?”

“म्हणजे माल पसंत, पण...”

“त्या घरात गिऱ्हाईक जातं आणि बाहेर जावई येतो! आता कोणी दलाल कोणाला नेत नाही.” बाकीच्या दलालांनी माना हलवल्या. एकजण हळूच म्हणाला, “माझी बैरी राखीला तिथं जाऊन आली.”

सुधाकरराव परतले ते मनात योजना आखूनच. माणसं बदलत नाहीत हे त्यांना ठाऊक होतं, तेव्हा गिऱ्हाईक बदलायचं. त्यांनी भाईदासला पटवलं, की यापुढे एकटाच पुरुष आणायचा. पुरुषाची ओटी पुष्पाबाईसुद्धा भरू शकत नाहीत.

असा एक पुरुष मिळाला. नगीनभाई, हजीऱ्याला कारखान्यात शिफ्टवर. आला, भिंतींवर टिचक्या मारल्या, नळ सोडून पाहिला, शिडी हलवून पाहिली आणि खाली बसून घासाघिशीसाठी घसा साफ केला. सुधाकरराव मनात म्हणाले, चला, जमलं.

“तुमची बाई कुठं हाये?” पुष्पाबाईंनी विचारलं.

“घरी. घेतल्यावर बघेल.”

“सैपाक कोण करंल इथं? तुम्ही?”

“ना ना, ती.”

“मग तिनं ओटा न पाहता घर घेऊ नका. तिले घेऊन या, मग बोलू.”

“काय म्हणी ऱ्हायना तो?” आप्पा गरजले.

“काही नही! बायको आणाले चालला!”

भाईदासनं कपाळावर हात मारला. इथपर्यंत आलेलं गिऱ्हाईक हातानं परत लावलेलं त्यानं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

पण नगीनभाई रविवारी बायकोला घेऊन आला. रमीला नाव. बारीक, थकल्या चेहऱ्याची, पण नजर तिखट. तिनं स्वयंपाकाच्या ओट्याला पोट टेकवून उंची पाहिली, पाणी किती वाजता येतं ते विचारलं, पापड वाळवायला ऊन कुठं पडतं ते विचारलं. पुष्पाबाईंचा चेहरा खुलत गेला. गुडघे दुखत असून त्या तिला शिडीनं वर घेऊन गेल्या. वरून दोघींचा हसण्याचा आवाज आला तेव्हा सुधाकररावांनी भाईदासकडे पाहिलं. अर्थात त्यांनी बंदोबस्त केला होता. सकाळीच “वंदनाला चटणीला हवेत” असं सांगून ते पुष्पाबाईंच्या घरातले नारळ उचलून घेऊन गेले होते.

दोघी खाली आल्या. पाट मांडला गेला. पुष्पाबाईंनी फळी चाचपली, टोपली पाहिली, आणि वळून सुधाकररावांकडे बघितलं.

“वंदनाची चटणी झाली का रे?”

“म्हणजे... अजून...”

“मग जा, नारळ घेऊन ये. पोर पाटावर बसलीय.”

आणि सुधाकररावांना स्वतःच्या पायांनी घरी जाऊन, स्वतःच्या हातांनी तो नारळ आणावा लागला. वंदनानं हसू लपवायला पदर तोंडात धरला होता. रमीलाच्या ओटीत गहू पडले, नारळ पडला, आणि पेटीतून खास काढलेला मोरपंखी तुकडा पडला. ती वाकून पाया पडली. उठली तेव्हा व्हायचं तेच झालं होतं. डोळे भरलेले.

नगीनभाईनं सावध होऊन तोंड उघडलं, “तो माशी, भावनुं...”

“पियरमां भाव ना कराय,” रमीला म्हणाली. आवाज मऊ होता, पण नगीनभाईचं तोंड मिटलं.

नेहमीची गिऱ्हाइकं इथंच उठून जात. पण नगीनभाई उठेना. बायको पाटावरून हलत नव्हती, तिचं लक्ष ओट्याकडे होतं. सुधाकरराव पुढे सरकून बसले. पूर्ण भाव! एकही पैसा कमी न होता! भाईदासनं मनातल्या मनात दलालीसुद्धा मोजली असावी, कारण त्याचे ओठ हलत होते.

मग पुष्पाबाईंनी पदर सारखा केला.

“तसं पाह्यलं तर वरचा पत्रा गळतो,” त्या म्हणाल्या. “त्याचे कमी करा.”

सुधाकरराव खोकले.

“मोरीचा उतार उलटा हाये. त्याचे बी.”

भाईदास खोकला. आप्पा, ज्यांना एरवी कानाशी ढोल वाजवला तरी पत्ता नसे, ते एकदम म्हणाले, “शिडी बी जुनी शे!” आणि मिशीत हसले.

“हां, शिडी,” पुष्पाबाईंनी मान हलवली. “अन् नव्या घरात गेल्यावर सतरा खर्च निघतात. आजून थोडे कमी.”

नगीनभाईला घाम फुटायच्या बेतात होता. आयुष्यभर भाव पाडायला शिकलेला माणूस, आणि इथं भाव आपोआप खाली येत होता. त्याला थांबवायचं कसं हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. शेवटी तोच हात जोडून उभा राहिला. “बस माशी, बस! आनाथी ओछुं नहीं. आणखी कमी केलंत तर हुं नहीं लउं!”

सौदा झाला. गूळ वाटला गेला. रमीला शिडीखालच्या कोनाड्यात देव कुठे ठेवायचे ते बघत होती आणि आप्पा नगीनभाईला नळाची खोड शेजारच्या गल्लीलाही समजेल अशा आवाजात समजावत होते. नाशिकला फोन करायला पुष्पाबाई पीसीओकडे निघाल्या. पितृपक्ष लागायच्या आत पोचायचं होतं. गुडघ्यांची कुरकुर त्या विसरल्या होत्या. सुधाकरराव त्यांच्या मागोमाग कोपऱ्यापर्यंत गेले. राहवेना.

“मावशी, तो तर पूर्ण भाव द्यायला तयार होता! त्यानं मागितलंच नव्हतं, मग तुम्ही कमी का केलंत?”

पुष्पाबाईंनी चालता चालता मागंसुद्धा पाहिलं नाही.

“आंडेरकडून पुरे पैसे घेतात का रे, येड्या?”