थेंबभरही नाही

पाणीखात्यात त्याला सगळे कानसेन म्हणत. रस्त्यावर लोखंडी सळई टेकवायची, वरच्या टोकाला कान लावायचा आणि जमिनीखालची पाइपलाइन कुठे गळतेय ते सांगायचं, हे त्याचं काम. एकतीस वर्षं केलं. कानसेन ‘कोरडी’ म्हणाला की गल्ली कोरडी. साहेबसुद्धा पुन्हा विचारत नसत.

घरात मात्र त्याच्या रेडिओनं उच्छाद मांडला होता. मुलगी नर्स. बिचारी रात्रपाळी करून दिवसा झोपायची आणि हे महाशय शेजारच्या खोलीत गाणी लावून बसायचे. “भिंतींना कान असतात म्हणे,” बायको म्हणाली, “आपल्या भिंतींचे फुटायचे तेवढे राहिलेत!” शेवटी मुलगीच त्याला ओढत दुकानात घेऊन गेली. हेडफोन घेऊन टाकू बाबा, घरीही होतील आणि कामावर जाता-येता बसमध्येही.

दुकानदारानं दोन जोड पुढे ठेवले. “हा जाळीच्या पाठीचा. मोकळा वाजतो, पण आवाज बाहेर येतो. हा बंद पाठीचा, सगळं आतल्या आत.”

“म्हणजे गळतीच की!” कानसेनची कळी खुलली. “थांबा, हे मला नका शिकवू. मी तपासतो.”

बंद पाठीचा हेडफोन त्यानं मुलीच्या डोक्यावर चढवला, आपलं आवडतं गाणं लावायला सांगितलं आणि सळईला लावावा तसा डावा कान जवळ नेला. डोळे मिटले. “वा! थेंबभरही नाही.” मग जाळीचा. या वेळी जरा जास्तच वेळ घेतला. “हाही कोरडा! उगाच काय घाबरवता हो लोकांना?”

दुकानदार खाली मान घालून वायर गुंडाळू लागला. तेवढ्यात गल्ल्यावरची बाई गुणगुणू लागली. तेच गाणं, तीच ओळ. तिला दोन हातांवरून ऐकू येत होतं.

कानसेननं उजवा कान लावला. गाणं आलं, पुसट का होईना.

“बाबा, कधीपासून?” मुलीनं हेडफोन उतरवत विचारलं.

“मला तरी कुठं ठाऊक?” तो म्हणाला. गेल्याच आठवड्यात शाळेमागची गल्ली त्यानं याच डाव्या कानानं कोरडी ठरवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खात्यातल्या नव्या फिटर मुलीला घेऊन त्या गल्लीत गेला आणि सळई तिच्या हातात दिली. ती वाकली, बराच वेळ ऐकत राहिली. मग चाचरत म्हणाली, “काका... गळतंय.”

“मग लाजतेस काय? पाणी वाहून चाललंय तिकडे!” तो खेकसला. रजिस्टरातलं ‘कोरडी’ त्यानं स्वतःच्या हातानं खोडलं, खाली सही केली आणि तसाच साहेबांकडे जाऊन कानाचं सांगून टाकलं. परत येताना सळई त्यानं मागितली नाही. फार वाईट वाटलं त्याला.

रविवारी दुपारी मुलगी आत झोपली होती. त्यानं बंद पाठीचा हेडफोन चढवला, गाणं लावलं आणि बायकोला खुणेनं जवळ बोलावलं. तिनं कान लावला. मग हेडफोनची एक बाजू उचलून ती हळूच म्हणाली, “थेंबभरही नाही हो.”

“नक्की ना गं?”

“नक्की.”

पूर्वी त्यानं स्वतः तपासून पाहिलं असतं. आज तो नुसता “बरं” म्हणाला आणि ऐकत बसला.