काकांचा शेवटचा सामना आणि शेठची बॅटिंग

इथे आखातात, अल नहदाहून पार हमरियाला क्रिकेट बघायला निघालो म्हटलं की आमच्या बिल्डिंगमधले लोक हसतात. तरी गेल्या महिन्यात आम्ही गेलोच, कारण शेजारचे देशपांडेकाका मंगळवारी कायमचे सांगलीला जाणार होते. हमरिया फ्री झोनमधल्या पाइपच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं स्टोअर सांभाळलं. कारखान्याची क्रिकेट टीम निघाल्यापासून एकही सामना जिंकलेली नाही. तिला एकदा जिंकताना बघून जायचं, एवढीच त्यांची इच्छा होती.

शनिवारी सकाळी साडेसहाला निघालात तर ट्रॅफिक लागत नाही, अर्ध्यापाऊण तासात पोचता. टोपी न्या, मैदानावर सावलीचं नाव नाही. वाटेत करक, म्हणजे इथला कडक दुधाळ चहा घेतला. दोन दिरहम, म्हणजे पन्नासेक रुपये, हे काकांनी याही वेळी मोठ्याने सांगितलं. मग टीमचं रडगाणं सुरू झालं. मालक शेठ नव्या बॅटी घेत नाहीत, पण जर्सीवर स्वतःचा फोटो छापतात. एकुलत्या एका बऱ्या बोलरने नेटमध्ये शेठची दांडी उडवली, तर तो थेट नाइट शिफ्टला गेला. आणि दर सामन्यात ओपनिंगला शेठच.

"देन व्हाय डू यू गो, आजोबा?" माझ्या लेकीने विचारलं.

"आपली टीम आहे ना गं," काका म्हणाले.

मैदानावर काकांनी धीर करून शेठना गाठलं. "शेठ, तीस वर्षांत काही मागितलं नाही. आज तुम्ही शेवटी या."

शेठचा चेहरा पडला, पण पॅड काढून ते मुकाट्याने खुर्चीत बसले. आणि काय सांगू, पोरं खेळली हो! शेवटच्या चेंडूवर दोन धावा हव्या होत्या, नऊ गडी बाद झालेले, आणि स्ट्राइकवर शेठ. त्यांनी डोळे मिटून बॅट फिरवली. दांडी गुल.

"चूक माझीच," डोळे पुसत काका म्हणाले. "नेहमीसारखे पहिले आउट झाले असते, तर जिंकलो असतो."

काका सांगलीला गेले. त्यांच्या दाराशी आता दुसऱ्यांच्या चपला असतात. शनिवारी सकाळी मला फार चुकल्यासारखं होतं, म्हणून मी अजूनही हमरियाला जाते.

परवा टीम जिंकली. शेठ ओपनिंगला आले आणि पहिल्याच चेंडूवर बाद झाले. मी मैदानातूनच सांगलीला फोन लावला.

काका हळूच म्हणाले, "मी तिथे असताना काय झालं होतं गं या पोरांना?"