मी न केलेला फोन

आजवर मी सगळ्यांचं सगळं सांगत आलोय. कोण कसं शिंकतंय, कोण कसं रडतंय — आवाज काढून दाखवलाय. हे एवढं एकच कुणाला सांगितलं न्हाय. आईला न्हाय, रूमवरच्या पोरांना न्हाय. सांगायला तोंड उघडलं की जीभ टाळूला चिकटतीय. माझी जीभ, बघ की.

मी आजऱ्याचा. शाळेत हेडमास्तरांपासनं एसटीच्या कंडक्टरपर्यंत कुणाला सोडलं न्हाय. कोल्हापूरला पीएच.डी.ला आलो, तितं पण तेच धंदे. आमचे गाईड सर — त्यांचा आवाज मी असा काढायचो की कँटीनचा मामा हातातला कप ठेवून सरळ उभा राहायचा. त्यात सर मोबाइल घरी विसरायचे, हाताला येईल त्याच्या फोनवरनं बोलायचे. मग काय, मी पण कुणाचा तरी फोन घ्यायचो. "चॅप्टर घेऊन या, आत्ता." पोरं पळत यायची. मग सगळे हसायचो. कुणाचं काय बिघडत हुतं त्यात?

तस्नीम पण हसायची. माझ्याच बॅचची, इचलकरंजीची. तिचे अब्बा यंत्रमागावर कामाला, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. ती जर्मनीतल्या कापडगिरण्यांच्या एका गावावर काम करत हुती — पाळी बदलली की घरातली झोप, जेवणं, भांडणं कशी बदलतात, ह्याच्यावर. माझा विषय दुसऱ्या महायुद्धानंतर पडलेल्या शहरांतनं विटा वेचणाऱ्या जर्मन बायकांचा. चांगला हाय विषय. पण खरं सांगू? तिचा जास्त चांगला हुता. मला ते पहिल्यापासनं ठावं हुतं.

जर्मन समाज, इतिहास असल्या विषयावर नव्यानं काम करणाऱ्यांना तिकडं जाऊन जुनी कागदपत्रं बघायला एक प्रवास-फेलोशिप असती. आम्ही दोघांनी अर्ज केलता. आमच्यातनं जाणार एकच. मुलाखत ऑनलाइन, सरांच्या केबिनमधनं.

आता नीट ऐक. त्याच्या आधी एकदा मी तस्नीमला सरांच्या आवाजात फोन केलता. तिनं खात्री करायला खऱ्या सरांना विचारलं, आणि सरांनी तिला सगळ्यांसमोर झापलं. तेव्हापासनं तिचं ठरलेलं — असला फोन आला की सरांना न्हाय, मला विचारायचं. म्हणजे खरं कुठलं, खोटं कुठलं, हे ठरवायचं काम माझ्याकडं. कुणी दिलं? मीच घेतलं की.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी दुपारी सरांचा मला फोन आला. खरा. उद्याची मुलाखत ते लोक आजच घेतायत, चारला ये म्हणले. मी शर्टाला इस्त्री लावली. तेवढ्यात तस्नीमचा फोन. घरी हुती, हसत हुती. कुठल्या तरी नंबरवरनं सर बोलले, मुलाखत आज हाय म्हणून. तिनं "बास की आता, नाटक्या" म्हणून फोन कट केलता.

"तूच हुतास न्हवं?"

शर्ट करपल्याचा वास आला. अजून येतोय. काय रचायला लागलं न्हाय, काय ठरवायला लागलं न्हाय —

"व्हय की," म्हणलो. "मीच."

माझ्याच आवाजात म्हणलो.

चारला मी एकट्यानं मुलाखत दिली. दुसऱ्या दिवशी ती नवा ड्रेस घालून आली. केबिन बंद हुतं. सरांनी तिला परत फोन केलाच न्हवता. नाटक्या म्हणून फोन आपटलेला त्यांच्या मनात बसलेला. पुढं पण बसूनच राहिला. मी तिला म्हणलो, तुला आलेला फोन माझाच, नेमकी मस्करी खरी ठरली; सरांचा तुला लागलाच नसंल. तिनं ऐकून घेतलं. एवढंच म्हणली, तिकडं गेलास तर माझं गाव बघून ये.

फेलोशिप मला मिळाली, मी गेलो. रेल्वे तिच्या त्या गिरण्यांच्या गावात थांबली. गिरणीच्या चिमण्या दिसत हुत्या. मी मान खाली घालून बसून राहिलो. तितनं पुढं एक सुरू झालं — एकटा असलो की सरांचा आवाज तोंडातनं आपोआप निघायचा. मी काढत न्हवतो. निघायचा.

गेल्या महिन्यात सर वारले. शोकसभा झाल्यावर पोरं झाडाखाली जमली, म्हणली, एकदा सरांचा आवाज काढ की, बरं वाटंल. तस्नीम तितंच हुती. पीएच.डी. सोडून आता शाळेत शिकवती.

"त्या दिवशी फोनवर मला काय म्हणलेलास," ती म्हणली, "तेच म्हण. पहिल्या शब्दापासनं."

तो फोन मी कधी ऐकलाच न्हवता. सरांनी तिला काय म्हणून हाक मारली असंल? मी घसा खाकरला. सर आम्हा सगळ्यांना म्हणायचे तसं सुरू केलं — "हां, ऐका..." आवाज तंतोतंत. पोरं हसली. एकाचे डोळे भरले.

तस्नीम पुढच्या शब्दाची वाट बघत राहिली. मग तिनं मान हलवली, न्हाय अशी, हळूच. पर्स उचलली आणि गेटाकडं चालायला लागली.

हाक मारावी असं वाटलं — पण कुठल्या आवाजात?

मी मारली न्हाय.