देवाच्या बटणावरचं नेट

संगणकाची वायर काढून टाकायची असं मी ठरवलं, ते वेगासाठी नव्हे. बाबांमुळे.

नाहूरच्या आमच्या घरात संगणक हॉलमध्ये खिडकीपाशी असायचा. नेटची वायर गच्चीवरून लोंबत त्या खिडकीतून आत येते, तिथेच तिचा राउटरचा डबा, आणि डब्यातून दुसरी वायर संगणकाला. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघेच. मी कामाला बसलो की बाबा मागच्या दिवाणावर पेपर उघडायचे आणि पेपरआडून माझ्या ऑफिसच्या मीटिंगा ऐकायचे. मीटिंग संपली की, "तो तुझा साहेब जरा चढेलच आहे ना रे?" असा शेराही यायचा. एरवी मी हसून सोडून देत असे. पण आता बंगळूरच्या एका कंपनीने मुलाखतीला बोलावलं होतं, आणि ती मला बाबांच्या नकळत द्यायची होती. नोकरी मिळाली तर सांगू, नाही मिळाली तर विषयच नको, असं मी स्वतःला बजावत होतो. आपण गेल्यावर हे एकटे काय करतील, हा विचार मी येऊ देत नव्हतो आणि तो येतच होता.

मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी साकीनाक्याहून वायरशिवाय नेट पकडणारा बोटभर तुकडा आणला, संगणकाच्या पाठीत खोचला आणि सगळा पसारा आतल्या खोलीत हलवला. त्याच्याबरोबर डब्याचा प्लग ज्यात होता तो एक्स्टेन्शन बोर्डही आत गेला. डबा हॉलमध्येच राहिला. त्याचा प्लग शेजारच्या देव्हाऱ्याच्या बोर्डात लावून दिला.

"हॉल एकदम रिकामा वाटतो," बाबा म्हणाले.

मुलाखतीच्या दिवशी सकाळपासून मी नुसत्या येरझाऱ्या घालत होतो. शर्ट बदलला, परत पहिलाच घातला. नेट तपासलं, पाणी प्यायलो, पुन्हा नेट तपासलं. शेवटी दार लावून बसलो. सुरुवातीचे प्रश्न झकास गेले. मी रंगात येऊन बोलत होतो, तोच पडद्यावरचे चेहरे थिजले आणि मग गेलेच. फोन उचलला, तर आतल्या खोलीत नेहमीप्रमाणे रेंज नाही.

धावत बाहेर आलो. डब्याचे दिवे विझलेले, आणि बाबा देव्हाऱ्यासमोरची वाटी उचलत होते. दुपारचा नैवेद्य दाखवून झाला की ते देव्हाऱ्यातला विजेचा दिवा बंद करतात, देवांना जरा डोळा लागावा म्हणून. आईची पद्धत, ती त्यांनी मोडलेली नाही. आणि त्या दिव्याच्या बटणावरच आता माझं नेट चालत होतं.

"बाबा, काय केलंत हे! वाट लावलीत! इंटरव्ह्यू चालू होता माझा!"

"कसला इंटरव्ह्यू?"

"बंगळूरचा!"

बोलून बसलो. बाबांनी बटण दाबलं. डब्याचे दिवे एकेक करत लागायला लागले आणि आम्ही दोघे त्यांच्याकडे बघत उभे राहिलो. इतका वेळ लागतो हे मला कधी जाणवलंच नव्हतं. आत जाऊन पाहिलं तर पलीकडचे सगळे निघून गेले होते.

बाहेर आलो तेव्हा बाबा अजून तिथेच होते, हातात नैवेद्याची वाटी घेऊन. ते आता चिडतील असं वाटलं. खरं सांगायचं तर त्यांनी चिडावं, एकदा तरी 'नको जाऊस रे' म्हणावं, असं मला फार वाटलं. मला जायचंच होतं, तरीही.

त्यांनी वाटी खाली ठेवली आणि माझ्यापुढे हात केला.

"त्यांना फोन लाव आणि मला दे," ते म्हणाले. "मी सांगतो, बटण मी बंद केलं. पोराची काही चूक नाही, त्याला घ्या."