हजेरीपटावर नसलेली बाई आणि आमचे चाचा

सिंधू, वय चौतीस. बाभुळगावजवळच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मशीनला कापूस लावायची. होळीच्या आधीच्या बुधवारी, दुपारी पावणेचारला, तिच्या उजव्या हाताची तीन बोटं रोलरमध्ये गेली. रोलरवर झाकण नव्हतं. पाच महिन्यांनी तिला सरकारी टेबलावरून उत्तर मिळालं, की असा अपघात झाल्याचं दिसत नाही. हे इतकं कोरडं लिहायला मला ज्यांनी शिकवलं, त्या चाचांबद्दल मी लिहितेय. यवतमाळ जिल्ह्यात त्यांच्याइतका कटकट्या माणूस झाला नाही, आणि माझ्यावर त्यांच्याएवढे उपकार दुसऱ्या कुणी केले नाहीत.

चाचा म्हणजे माझ्या बाबांचे दोस्त. आयुष्यभर जिनात फिटर. निवृत्त झाले ते फक्त कागदावर, कारण कान काही निवृत्त झाला नाही. रस्त्याने मोपेडवर जाताना जिनाचा आवाज ऐकून सांगायचे, "तिसऱ्या नंबरचा रोलर घासून राह्यला." एकदा पुसदला भाचीच्या लग्नात जेवणाच्या पंगतीतून गायब झाले. दोन्हीकडची मंडळी शोधतायत, आणि चाचा शेरवानीच्या बाह्या वर करून शेजारच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा ताणून देतायत. गिरणीवाल्याने बोलावलं नव्हतं. उलट तो हात जोडून सांगत होता, की चाचा, चालते माझी गिरणी! चाची म्हणायच्या, "यांना भूत भेटलं तं त्यालेही विचारतीन, बाबा तुह्यं झाकण कुठं हाये?"

तर असा माणूस कामगारांकडून जिल्ह्याच्या भरपाई सल्लागार समितीवर गेला. ही समिती म्हणजे मोठं काही नव्हे. कामगारांचे तिघं, मालकांचे तिघं, अध्यक्ष एक साहेब. ती कुणाचा दावा मंजूर करत नाही, नामंजूर करत नाही. दावे कुठे अडतात, का अडतात, कायदा जिनाच्या फाटकातून आत शिरतो की बाहेरच उभा राहतो, एवढं पाहायचं आणि वर कळवायचं. मी तेव्हा नुकती कामगारांच्या हक्काची पत्रकं वाटायला लागले होते. म्हटलं, "चाचा, ज्या समितीले अधिकारच नाही तिथं चहा प्यायले जाता काय?" चाचा म्हणाले, "अधिकार नाही म्हणूनच तं मले घेतलं, पोरी. पण डोळे तं हायेत ना?"

त्या डोळ्यांनी ते फाइल उलटी वाचायचे, शेवटच्या पानापासून. साहेबांना वाटायचं, म्हाताऱ्याला उर्दूची सवय असेल. तसं नव्हतं. सरकारी फाइलीत नवा कागद वर चढतो आणि माणसाचा पहिला अर्ज तळाशी जातो. "वरून वाचलं तं साहेबलोक भेटते," चाचा म्हणायचे, "बाई भेटता भेटता जेवणाची सुट्टी होते." दुसरी खोड त्याहून वाईट. बैठकीचं इतिवृत्त शब्दन् शब्द मोठ्याने वाचून घेतल्याशिवाय सही करायची नाही. एकदा त्यात लिहिलं होतं, 'सविस्तर चर्चा झाली'. चाचांनी पेन खाली ठेवलं. "कोन बोललं? चर्चा काय गारपीट हाये का साहेब, आपोआप झाली?" त्या दिवशी सगळ्यांची गावाकडची बस चुकली. मालकांच्या बाजूचे एक सदस्य तर पुढच्या बैठकीला डबा घेऊन आले.

सिंधूचा दावा अडला त्याचं कारण कुठल्याच कायद्याच्या पुस्तकात सापडणार नाही. ती कापसाचे भाव कोसळल्याची वर्षं. पेपरात कापसावर रकानेच्या रकाने यायचे, जिनातल्या बायांवर एक ओळ नाही. जिनं अर्धा हंगाम बंद, काम थोडं, हात जास्त. म्हणून घराघरांत एक रीत पडली होती. हजेरीपटावर नाव एकीचं, आणि कामावर जावा-जावा आलटून पालटून. याला बदली म्हणायचे. मुकादमाला माहीत, मालकाला माहीत, फाटकावरच्या कुत्र्यालाही माहीत. त्या बुधवारी नाव होतं सिंधूच्या जावेचं, कांताचं. मशीनवर होती सिंधू.

मी दोघींना घेऊन कामगार कार्यालयात गेले. टेबलावरच्या बाबूंनी हजेरीपट पाहिला, कांताला पाहिलं. कांताने दोन्ही हात पुढे केले. "मोजा साहेब. दहाच हायेत."

"मग अपघात कुणाला झाला?"

"हिले."

"ही तर कामावर नव्हती."

सिंधू बाहेर येऊन पायरीवर बसली. म्हणाली, "ताई, बोटं तं गेलीच. पन मी तिथं होती, एवढं तरी कोनी लिहीन का नाई?"

मी घरी येऊन पत्रक लिहिलं. नराधम, रक्तपिपासू, भांडवलशाहीचे दलाल, सगळी फौज उतरवली. छापायच्या आधी चाचांना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, आणि रोलरमधून सरकी काढावी तसं एकेक विशेषण काढून टाकलं. "रक्तपिपासू कायले लिहितं? रक्त किती वाजता निघालं ते लिही. झाकण होतं का नव्हतं ते लिही." मी भांडले. एक पान रिकामं होऊन चार ओळी उरल्या. त्या चार ओळी आजही मला माझ्या सगळ्या पत्रकांपेक्षा जड वाटतात.

पुढच्या बैठकीत, आपल्याला बारीक अक्षर दिसत नाही या सबबीवर, चाचांनी मला वाचायला आत नेलं. मला वाटलं, आता गरजतील. चाचांनी सिंधूचं नावसुद्धा घेतलं नाही. मालकांकडून बसलेल्या शेटजींकडे वळून अगदी मायेने विचारलं, "शेटजी, एखादी बाई नाई आली तं मशीन बंद ठेवता काय हो तुम्ही?"

शेटजी दुखावले. "बंद? चाचा, तुम्ही फिटर होते ना? मशीन कधी बंद राहते का? तिची जाऊ येते, नणंद येते. बदली सगळ्याच जिनांत चालते."

"नाव कोनाचं लागते?"

"ते जुनंच राहते. रोज कोण खोडत बसेल?"

चाचा साहेबांकडे वळले. "लिहा साहेब."

शेटजींच्या हातातलं बिस्किट चहात पडलं. साहेब म्हणाले, "चाचा, हे अनौपचारिक..." चाचांनी पेन टेबलावर ठेवलं. साहेबांनी पेनकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि लिहिलं. समितीने शिफारस केली, की जिनांची तपासणी व्हावी आणि बदलीच्या बाईचं नाव त्याच दिवशी वेगळं लिहिलं जावं. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांपुढे सिंधूसोबतच्या सात बाया बोलल्या. आधी त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. दावा पुन्हा उघडला आणि मंजूर झाला. निकालाच्या कागदावर 'सिंधू ही त्या वेळी कामावर होती' हे वाक्य आलं, तेव्हा ती मला म्हणाली, "अजून एक डाव वाचा ना, ताई." मी तीनदा वाचलं. चाचा पेढे खायला थांबले नाहीत. झाकण बसलं की नाही ते पाहायला जिनात गेले होते.

आता चाचा दारव्ह्याला मुलीकडे असतात. गुडघे गेले, मोपेड विकली. समितीवरची मुदत संपली तेव्हा हार-तुरे काही झाले नाहीत, मी एकटीच घ्यायला गेले होते. त्यानंतर त्या समितीची एकही बैठक लागलेली नाही. मी महिन्यातून एकदा फोन करते. तब्येतीचं विचारलं की ते ऐकलंच नाही असं करतात. "बैठक लागली काय?" विचारतात. मी नाही म्हणते. "बरं, जयभीम बेटा," असं आमच्या घरच्या रीतीने म्हणून ठेवतात.

तिकडे जिनं चालू आहेत. बदली चालू आहे. म्हणून तुम्हाला सांगते, वाचून हळहळू नका. याच आठवड्यात तुमच्या जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात जा. विचारा, कामगारांकडून समितीवर कोण बसतं आणि पुढची बैठक कोणत्या तारखेला आहे. तारीख लेखी मागा. मिळेपर्यंत तिथून उठू नका.